चुन्याखालचा पत्रा

नकाशावर आपलं घर खरंच हिरवं दिसतंय हे सुदर्शन येमूलनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. ते घर हिरवं असूच शकत नव्हतं.

त्या घरात तो लहानाचा मोठा झाला होता. सोलापुरात, गिरणीमागच्या वस्तीत, तिसऱ्या गल्लीत. लहानपणी तापात पडून असताना त्यानं त्या छताच्या नाल्या कितीदा मोजल्या होत्या. राखाडी, खडबडीत सिमेंटचा पत्रा. आता अख्खा देश त्याला ॲस्बेस्टॉस म्हणून ओळखत होता. त्याच्यावर बंदी येऊन सात वर्षं झाली होती, आणि कुठल्या घरावर तो अजून आहे हे शोधायला सुदर्शन काम करत होता त्या सर्वेक्षणाचं ड्रोन थंडीपासून शहरावर घिरट्या घालत होतं.

"मॅडम, हे चुकलंय," तो म्हणाला.

डॉ. फरहाना इनामदार सर्वेक्षणाच्या प्रमुख होत्या. बाई कडक, पण कुणाचं म्हणणं ऐकून न घेता वाटेला लावणाऱ्या नव्हत्या. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "काय चुकलंय?"

"या चार गल्ल्या हिरव्या दाखवतायत. सगळी पत्र्याची घरं आहेत. माझी आई राहते तिथं."

"छत बदललं असेल."

"बदललं असतं तर पैसे मीच दिले असते की."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी गल्ली मोठी करून पडद्यावर आणली आणि बराच वेळ बघत राहिल्या.

ड्रोनच्या पोटातला कॅमेरा फोटो काढत नसे. छतावरून परत येणारा सूर्यप्रकाश तो पिंजून घेई, कापूस पिंजावा तसा, आणि त्याचे शेकडो बारीक पदर वेगळे करी. त्यातले निम्म्याहून जास्त पदर माणसाच्या डोळ्याला दिसतच नाहीत. ते तांबड्याच्या पलीकडचे. जगातली प्रत्येक वस्तू या पदरांतून आपापला घास खाते आणि उरलेला प्रकाश परत पाठवते. लोखंडी पत्रा एक घास खातो, माती दुसरा. ॲस्बेस्टॉसच्या तंतूचा घास ठरलेला आहे. त्या एका जागी प्रकाश कमी पडला की यंत्र ओळखायचं, खाली पत्रा आहे. मग ते घर नकाशावर लाल व्हायचं, नाहीतर हिरवं.

लाल घराला सरकार नवं छत देणार होतं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या घरात राहिलेल्या माणसाला उपचारांचं कार्ड मिळणार होतं. पत्र्यातून सुटलेला तंतू केसापेक्षा कितीतरी बारीक असतो. श्वासातून आत जातो, फुफ्फुसाच्या आवरणात रुततो आणि वीस-तीस वर्षं गप्प बसतो. मग एक दिवस तिथं गाठ उठते. आता त्या गाठीला रोखणारं इंजेक्शन निघालं होतं, पण ते येमूलांच्या सात पिढ्यांना परवडलं नसतं. कार्ड असेल तर फुकट. कार्डासाठी पत्ता लाल हवा.

सुदर्शनच्या आईच्या छातीतून गेल्याच महिन्यात पाणी काढलं होतं. गाठ निघाली होती. "घर पत्र्याचं का?" डॉक्टरांनी विचारलं होतं. यानं हो म्हटलं, त्यांनी पत्ता घालून बघितला आणि मान हलवली. "पत्ता हिरवा येतोय. त्या विड्या वळतात ना, मग कारण म्हणून नोंद विडीच्या तंबाखूची करावी लागेल. त्याला कार्ड नाही."

"उद्या जाऊन छतावर चढ," इनामदारबाई म्हणाल्या. "हातातलं यंत्र घेऊन जा."

*

सुदर्शनची आई राजमणी दारासमोरच्या कट्ट्यावर मांडीत सूप घेऊन बसली होती. सुपात पानं, तंबाखू, दोऱ्याचं रीळ. साठी उलटून गेली होती, दम लागत होता, पण बोटं अजून न बघता विडी वळत होती. शेजारी भाग्यलक्ष्मी दासरी बसली होती. वस्ती तिला भागी म्हणे. तिची मुलगी सुरेखा पानं कातरत होती. परवाच तिला एकोणीस पूर्ण झाली होती.

"काय करलालास रे वर? माकडासारखं," भागी ओरडली. "पत्रा फुटला तर सासूच्या अंगावर पडशील!"

"सासू कुठाय त्याला?" राजमणी म्हणाली. "पोरगी बघायला सांगितली तर म्हणतो, ड्रोन उडवायचंय."

सुरेखा तोंडावर पदर घेऊन हसली.

सुदर्शन छतावर उकिडवा बसला होता. पत्रा पांढरा होता. डोळे दिपवणारा पांढरा. त्यानं तोंडावर पट्टी बांधली, कोपऱ्यावर पाणी शिंपडलं आणि चाकूच्या टोकानं हलकेच खरवडलं. चुन्याची खपली निघाली, तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी, आणि मग राखाडी. यंत्राचं तोंड त्यावर टेकवताच दिवा लाल झाला. बोटभर बाजूला, चुन्यावर टेकवलं. हिरवा.

त्याला आईच्या कामाची आठवण झाली.

सोलापूरचा उन्हाळा आणि सिमेंटचा पत्रा. त्याच्याखाली दिवसभर बसून विड्या वळणाऱ्या बायका दुपारी भोवळ येऊन पडायच्या. सुदर्शन चार-पाच वर्षांचा असताना राजमणीला कुणीतरी सांगितलं की छताला चुना मारला तर आत बराच गारवा राहतो. तिनं आधी स्वतःच्या घराला मारून बघितला. मग चार गल्ल्यांतल्या बायका गोळा केल्या. होळी झाली की चुना भिजवायचा, त्यात मीठ आणि डिंक घालायचा, आणि एकेका घरावर चढायचं. कडक भाकरी, शेंगाचटणी बांधून न्यायची, गाणी म्हणायची. भोवळ येणं थांबलं. पोरं दुपारी झोपू लागली. एका संस्थेनं राजमणीला शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. तिचा फोटो भिंतीवर होता आणि वस्तीत तिचं नाव पडलं होतं, चुनेवाली अक्का.

पण नुसता चुना पत्र्यावर बसत नाही. पावसानं जुना थर सुटतो, शेवाळ धरतं. म्हणून आधी पत्रा घासून घ्यावा लागे. तारेच्या ब्रशनं, कोरडाच. ओला घासला तर लगेच चुना धरत नाही, अन् पाण्याचा टँकर तेव्हा आठवड्यातून एकदा यायचा. बायका डोक्याला पदर बांधून घासायच्या, भुरा धुरळा उडायचा, आणि खाली आल्या की एकमेकींची तोंडं बघून हसायच्या. धुरळाही वाया जात नसे. राजमणी तो झाडून डब्यात भरी आणि दारापुढच्या मुग्गूच्या पिठीत मिसळी. म्हणे, यानं रेघ छान ठळक उमटते. तेलुगू घरांतली ती रोजची रांगोळी. सकाळी ओणवं होऊन, नाक जमिनीजवळ नेऊन काढायची.

*

"चुना हवेतला वायू खाऊन पुन्हा चुनखडी बनतो," इनामदारबाई म्हणाल्या. सुदर्शननं आणलेली खपली काचेच्या डबीत होती. "आणि चुनखडीचा घास ॲस्बेस्टॉसच्या घासाला अगदी लागून आहे. दोन्ही मिसळले. आपण यंत्राला शिकवताना चुना मारलेल्या गच्च्या दाखवल्या होत्या. चुना मारलेला पत्रा दाखवलाच नव्हता. मारत असेल कोणी, हे माझ्या डोक्यातच आलं नाही." त्यांनी डबी बाजूला सारली. "दुरुस्तीचं उड्डाण पुढच्या आठवड्यात करू. नमुने घेऊ. चारही गल्ल्या लाल होतील. तुझ्या आईला कार्ड मिळेल."

सुदर्शननं श्वास सोडला.

"पण त्या बायका पत्रा घासायच्या म्हणालास ना? कोरडं? किती वर्षं?"

"वीस-बावीस."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "येमूल, पत्रा नुसता छतावर पडून असला तर तंतू थोडे थोडे सुटतात. धोका आहेच, पण हळूहळू. तारेच्या ब्रशनं घासणं म्हणजे मुठी भरून हवेत उधळणं. अशा किती बायका गेल्यात त्या गल्ल्यांतून?"

त्यानं आठवून बघितलं. भागीची धाकटी जाऊ पद्मा. कोपऱ्यावरच्या गुर्रमांची सून. बिर्रूंच्या दोघी. सगळ्यांना विडीचा दमा झाला, असंच वस्ती म्हणाली होती. सगळ्या आईच्या चुन्याच्या बायका होत्या.

"रीतसर सूचना उड्डाणानंतर निघेल," बाई म्हणाल्या. "पण तू आजच जाऊन सांग. कुणीही पत्र्याला ब्रश लावायचा नाही. का लावायचा नाही तेही सांग. होळी जवळ आलीय."

"सांगतो," सुदर्शन म्हणाला.

*

सांगायलाच तो गेला होता. आई आत, फोटोखाली बसून भाताचं पातेलं उतरवत होती.

"अम्मा, घर हिरवं का आलं ते कळलं. चुन्यामुळं. चुन्याखालचा पत्रा ड्रोनला दिसत नाही."

राजमणीनं चमचा खाली ठेवला. तिचा चेहरा उजळला. "म्हणजे माझ्या चुन्यानं सरकारच्या विमानाला फसवलं?"

"फसवलं."

ती हसायला लागली, हसता हसता खोकली, खोकता खोकता पुन्हा हसली. "पद्मा असायला हवी होती. ती जाताना माझा हात धरून होती बघ. तिला बोलवत नव्हतं. तरी म्हणाली, अक्का, तुझ्यामुळं आम्हाला गारवा मिळाला. एवढंच म्हणाली." तिनं डोळे पुसले. "दुसरं काय केलं रे मी आयुष्यात? विड्या वळल्या. हे एकच काम केलं."

ब्रशचं वाक्य सुदर्शनच्या ओठावर आलं होतं. त्याला वाटलं, आठवडाभराचा तर प्रश्न आहे. सूचना निघेल, कागदावर छापून येईल, कुणीतरी परकं माणूस येऊन सांगेल. आपल्या तोंडून कशाला? औषध सुरू होऊ दे, थोडी ताकद येऊ दे.

"जेव," राजमणी म्हणाली. "बघत काय बसलास?"

तो जेवला आणि गेला. ब्रशबद्दल अवाक्षर बोलला नाही.

*

पाचवी, सहावी, सातवी या गल्ल्या वस्तीत मागाहून झालेल्या. तिथं चुन्याची रीत कधी पोचली नव्हती, म्हणून ती घरं पहिल्याच उड्डाणात लाल झाली होती. नवं छत मिळायचं तेव्हा मिळणार होतं. त्याआधी विडी कारखान्यानं त्या घरांचं पान-तंबाखू बंद केलं. लाल घरात वळलेल्या विडीत तंतू गेले तर बोलणी कोण खाणार, असं कारखान्याचं म्हणणं. बायकांचे हात रिकामे झाले, चुली निम्म्या वेळा पेटेनाशा झाल्या. दुरुस्तीसाठी पुन्हा ड्रोन येणार ही बातमी वस्तीत पसरली होती. आणि चुन्याचं गुपित राजमणीला कळलं होतं.

दुसऱ्याच्या घरात हात रिकामे आहेत हे बघून गप्प बसणारी बाई ती नव्हती.

रविवारी सकाळी सुदर्शन आईला बघायला वस्तीत आला तेव्हा तिसऱ्या गल्लीतल्या घरांना कड्या होत्या. लांबून गाणं ऐकू येत होतं. तो गाणं ओळखत होता. पाय आपोआप पळू लागले.

पाचव्या गल्लीच्या तोंडाशी तो थांबला. सगळ्या छतांवर बायका होत्या. जुन्या चार, तरण्या चाळीस. डोक्याला पदर, हातात तारेचे ब्रश. खर्र खर्र असा एकच आवाज भरून राहिला होता, आणि गल्लीवर कोवळ्या उन्हात भुरा धुरळा तरंगत होता. धुक्यासारखा छान दिसत होता. खाली खुर्चीवर राजमणी बसली होती, समोर भिजवलेल्या चुन्याची पिंपं. ती हात उंचावून सांगत होती, "नालीतून घास गं, नालीतून! वरवर घासून चुना धरत नाही!"

"सगळ्या खाली उतरा!" सुदर्शन ओरडला. "ब्रश टाका!"

"आला बघा साहेब!" वरून कुणीतरी म्हणालं. "घर हिरवं झालं तर पगार कापतील का रे तुझा?"

हशा पिकला. भागी कोपऱ्यावरच्या छतावरून ओरडली, "असा तोंड वासून उभा काय राहलालास? चढ की वर, एक ब्रश घे!" तिच्या शेजारी सुरेखा होती. तिच्या पापण्या, भुवया, ओठावरची लव, सगळं पांढुरकं झालं होतं. ती हसत होती, तोंड उघडं टाकून.

"तो धुरळा विष आहे!" सुदर्शनचा आवाज फाटला. "पत्र्याचा धुरळा! त्यानंच गाठी होतात. पद्माकाकू विडीनं नाही गेली. गुर्रमांची सून विडीनं नाही गेली. ब्रशनं गेल्या! घासू नका, मी पाया पडतो, घासू नका!"

गाणं थांबलं. खर्र आवाज एकेका छतावरून विरत गेला. शेवटचा ब्रश कुणाच्या तरी हातून सुटला आणि पत्र्यावरून घरंगळत खाली पडला.

कुणी सुदर्शनकडं बघत नव्हतं. सगळ्या खुर्चीकडं बघत होत्या.

राजमणीचा हात अजून वरच होता. तो तिनं हळूच खाली घेतला, मांडीवर ठेवला आणि उलटसुलट करून बघितला. मग ती बोलली, अगदी रोजच्या आवाजात. "पदर झटकू नका. तशाच उतरा. सुरेखाला आधी उतरवा."

*

मग पाण्याचे बंब आले, पांढरे पोशाख घातलेली माणसं आली. तीन गल्ल्या ओल्या करून प्लास्टिकनं झाकल्या. बायकांचे कपडे पोत्यात भरून नेले. इनामदारबाई स्वतः आल्या होत्या. सुदर्शनकडं त्यांनी एकदा बघितलं फक्त. दुरुस्तीचं उड्डाण झालं, नकाशा बदलला, गिरणीमागची अख्खी वस्ती लाल झाली. राजमणीला कार्ड मिळालं. पहिलं इंजेक्शन झालं. डॉक्टर म्हणाले, वर्ष-दोन वर्षं तरी नक्की निघतील.

त्या सकाळी छतावर असलेल्या पोरींचं काय, असं सुदर्शननं विचारलं तेव्हा डॉक्टरांनी खांदे उडवले नाहीत, उलट फार सावकाश उत्तर दिलं. आज तपासून काही दिसणार नाही. दहा वर्षांनीही बहुधा दिसणार नाही. कुणाला होईल, कुणाला होणार नाही. वाट बघायची.

राजमणीनं भिंतीवरचा फोटो उतरवला. मुग्गूच्या पिठीचा डबा पांढऱ्या पोशाखातल्या माणसांनी नेला होता. दारापुढची जमीन कोरी पडली होती. ती रोज सकाळी कट्ट्यावर येऊन बसायची, सूप मांडीत घेऊन. सुपात काही नसायचं. पान-तंबाखू आता सगळ्याच गल्ल्यांचं बंद होतं. समोरून बायका जायच्या. कुणी शिवी दिली नाही. कुणी अक्का म्हणूनही हाक मारली नाही.

सुदर्शन रजा घेऊन आईपाशी राहिला होता. त्या दिवशी तो आत पाणी तापवत होता तेव्हा बाहेर कट्ट्यावर कुणीतरी बसल्याचा आवाज आला. त्यानं दाराच्या फटीतून बघितलं. भागी होती. ती पूर्वी बसायची तिथंच, भिंतीला पाठ लावून बसली होती.

राजमणी थोडी सरकून बसली.

"सुरेखा रात्रभर खोकते," भागी म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, भीतीनं खोकते. एवढ्यात काही होत नसतं म्हणतात."

"होत नसतं," राजमणी म्हणाली.

"अक्का, एक विचारू?"

"विचार."

"तुला ठाऊक होतं?"

"नाही गं. देवाशपथ नाही."

"ते मला माहीत होतं." भागीनं कट्ट्याच्या दगडावरून बोट फिरवलं, तिथं काही नव्हतं तरी बोटाकडं बघितलं. "आणि त्याला? त्या रविवारच्या आधी?"

सुदर्शनच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. त्यानं आईला सगळं सांगितलं होतं, बंबांच्या त्या गडबडीतच, रडत रडत. ऐकून घेताना ती एवढंच म्हणाली होती, माझ्यासाठी गप्प बसलास होय रे. आता तिला एक शब्द उच्चारायचा होता. नाही म्हणाली तर त्याला या गल्लीत यायला तोंड राहणार होतं. तिच्या मागंही राहणार होतं.

राजमणीनं रिकामं सूप मांडीवरून उचलून बाजूला ठेवलं.

"होतं," ती म्हणाली.

भागी उठली. दाराशी आली, फटीतून दिसणाऱ्या सुदर्शनकडं तिनं सरळ बघितलं, आणि मग ती उंबऱ्यावरून मागं वळली. चौथ्या गल्लीपर्यंत तिच्या चपलांचा आवाज येत राहिला. आत पाणी उकळून पातेल्याबाहेर सांडत होतं. राजमणीनं हाक मारून गॅस बंद करायला सांगितलं. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला जास्त ऐकवलं नाही.